खवाट्याखालची गाठ आणि तिच्याकडे जाणारी वाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या डॉक्टरसाहेबांची थोरवी माझ्यापूर्वीच्या व्याख्यात्यांनी इतक्या अधिकारवाणीने सांगितली आहे, की तिची पुनरुक्ती करणे म्हणजे आपल्या वेळेचा अपव्यय करणे होईल. शिवाय स्वतःची स्तुती ऐकण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांची एक सवय मात्र आजच्या विषयाशी निगडित असल्यामुळे सांगतो. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रोग्याचा कागद हाती घेतला, की रोगाचे नाव वाचण्यापूर्वी ते त्याच्या धंद्याची चौकशी करीत. आणि ती चौकशी 'हमाली' किंवा 'शेती' एवढ्या एका शब्दावर भागत नसे, तर ओझे डोक्यावर घेतोस की पाठीवर, पोते कोणत्या हाताने पेलतोस, विहिरीचे पाणी तूच ओढतोस की घरातले दुसरे कोणी, येथपर्यंतचा तपशील काढून झाल्यावाचून ते चाकूचे नाव काढीत नसत. शस्त्रवैद्य रोग्याच्या देहातून रोग नेतो तेव्हा त्याबरोबर थोडासा निरोगी ऐवजही नेतो, आणि कोणता ऐवज नेला तर या माणसाचे पोट बंद पडेल हे आधी विचारून घेतले पाहिजे, असा त्या चौकशीचा अर्थ होता.

आजचा माझा विषय वरकरणी अगदीच चिंचोळा आहे. खांद्याच्या पात्यावर उठणाऱ्या निरुपद्रवी हाडाच्या गाठी, आणि त्या काढताना भोवतालचे स्नायू न तोडण्याची पद्धत, एवढाच तो विषय. ज्या रोगाने माणूस मरत नाही आणि जो शंभर घरांत एकदाही आढळेल की नाही याची शंका, त्यावर सार्वजनिक सभेत बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारल्यास त्याला दोष देता येणार नाही. परंतु शस्त्रक्रियेचे हित तिच्या हानीपेक्षा मोठे असले पाहिजे हा जो आमच्या व्यवसायाचा जुना दंडक आहे, त्याची कसोटी जीवघेण्या रोगात लागत नाही. तेथे प्राणाच्या मोबदल्यात वाटेल ते द्यायला रोगीही राजी असतो आणि वैद्यही. कसोटी लागते ती अशा रोगात, की जो सोडून दिला तरी फारसे बिघडणार नाही, आणि जो हटवण्याच्या भरात मात्र पुष्कळ काही बिघडू शकेल.

आपण बोलीत ज्याला खवाटा म्हणतो आणि शारीराचे ग्रंथ ज्याला अंसफलक म्हणतात, ते हाड पाठीच्या वरच्या भागात दुसऱ्या बरगडीपासून सातव्या बरगडीपर्यंत पसरलेले एक त्रिकोणी पाते आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शारीर विभागात वाळलेले पाते हाती घेऊन ते खिडकीसमोर धरावे. कडा आणि वरचा कणा दाट दिसतात, पण मधल्या पातळ भागातून उजेड आरपार येतो. हे हाड धडाच्या सांगाड्याशी जोडलेले आहे ते केवळ एका ठिकाणी, गळ्याच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाशी, आणि तो सांधाही करंगळीच्या नखाहून फारसा मोठा नाही. बाकी सारे पाते सतरा स्नायूंच्या आधारावर छातीच्या पिंजऱ्यावर तरंगते असे म्हटले तरी चालेल. हात डोक्यावर उभा नेताना जे एकशे ऐंशी अंशांचे भ्रमण होते त्यातले सुमारे एकशे वीस अंश खांद्याच्या खोबणीत आणि उरलेले साठ अंश या पात्याच्या फिरण्याने घडतात, हे इन्मन, साँडर्स आणि ॲबट या तिघांनी १९४४ साली दाखवून दिले, आणि अधूनमधून झालेल्या दुरुस्त्या वगळता तो हिशेब आजही ग्राह्य मानला जातो. सुश्रुतांनी एकशे सात मर्मांची जी गणना केली आहे तीत अंसफलक हे अस्थिमर्मांत घातले असून त्यावरील आघाताने बाहू बधिर होतात वा वाळतात असे म्हटले आहे. हाड दुखावल्याने हात का वाळावा, याचे उत्तर आज आपण त्या हाडाभोवतीचे स्नायू आणि त्यांना चालवणाऱ्या नसा यांत शोधू; पण हाड आणि हात यांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे हे निरीक्षण शस्त्र चालवणाऱ्या माणसाने केलेले आहे, यात मला शंका वाटत नाही.

आता गाठीकडे वळू. या पात्यावर ज्या निरुपद्रवी गाठी होतात त्यांत सर्वांत अधिक आढळणारी म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोमा; हाडाचा देठ आणि त्यावर कूर्चेची टोपी, अशी तिची रचना असते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा जो वाढीचा पट्टा असतो त्यातला एखादा तुकडा आपली जागा सोडून बाजूला सरकतो आणि तेथेच स्वतंत्र अंमल सुरू करून हाड घडवू लागतो, अशी तिच्या उत्पत्तीची सर्वमान्य उपपत्ती आहे. मुलाची उंची वाढते तोवर ती वाढते, आणि सांगाड्याची वाढ पुरी झाली म्हणजे बहुधा तीही थांबते. अशा गाठींपैकी शेकडा तीन ते पाचच खवाट्यावर असतात. बहुतेक सगळ्या गुडघ्याच्या आसपास आणि दंडाच्या वरच्या टोकाशी होतात. काही घराण्यांत त्या अनेक हाडांवर, वडिलांपासून वा आईपासून मुलांकडे उतरत जातात; ईएक्सटी-१ आणि ईएक्सटी-२ या दोन जनुकांतील दोष त्याच्या मुळाशी असतो, आणि आई-बापांपैकी एकाला विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. एकटीदुकटी गाठ कर्करोगात परिवर्तित होण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास मानतात. अनेक गाठींच्या घराण्यांत ते त्याहून अधिक.

याखेरीज १९४२ साली जाफे आणि लिक्टेनस्टाइन यांनी ज्याला स्वतंत्र ओळख दिली तो रक्ताने भरलेला अस्थिकोश, महाकोशिकांची गाठ, तंतुमय विकृती, अशा इतर पाहुण्यांचीही या पात्यावर क्वचित वस्ती होते. परंतु त्यांत गाठ खरवडून काढण्याचे आणि पोकळी भरण्याचे निराळे शास्त्र आहे, आणि आज त्यात शिरण्याइतका अवकाश नाही. प्रौढ वयाच्या, विशेषतः स्त्रियांच्या खवाट्याच्या खालच्या टोकाशी जी रबरासारखी मऊ गाठ आढळते आणि जिला इलॅस्टोफायब्रोमा म्हणतात, ती मुळात हाडाची नाहीच. तिला हाडाची गाठ समजून घाबरलेली माणसे मात्र दवाखान्यात वारंवार येतात.

पात्याच्या पाठीकडच्या बाजूची गाठ हाताला लागते, त्यामुळे तिचा निर्णय लवकर होतो. फसवणूक करते ती पोटाकडची, म्हणजे पाते आणि बरगड्या यांच्या सांदीत वाढणारी. ती दिसत नाही, चाचपता येत नाही. ती आपले अस्तित्व दोनच मार्गांनी कळवते. पहिला मार्ग आवाजाचा. १८६७ साली ब्वाने या फ्रेंच वैद्याने खवाट्यातून येणाऱ्या कडकड आवाजाची पहिली नोंद केली, आणि १९०४ साली त्याच्याच देशातल्या मोक्लेर याने त्या आवाजांच्या तीन प्रती लावून दिल्या: निरोगी माणसातही ऐकू येणारी हलकी सळसळ, मऊ ऊतींच्या घर्षणाची खरखर, आणि हाडावर हाड आपटल्याचा कडाका. दुसरा मार्ग रूपाचा. सांदीतली गाठ पात्याला आतून पाचर ठोकल्याप्रमाणे बाहेर रेटते आणि पात्याची आतली कड पाठीवर पंखासारखी उठते. हेच चिन्ह सेरेटस अँटिरिअर या स्नायूची नस दुर्बळ झाली असताही दिसते, आणि येथेच पुष्कळ घोटाळे होतात. चार्ल्स बेल याने जिला बाह्य श्वसननस असे नाव दिले होते ती ही नस लुळी पडली, तर रोग्याने दोन्ही तळव्यांनी भिंत लोटताच पंख अधिक उघडतो. गाठीने उचललेले पाते मात्र भिंत लोटा वा न लोटा, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेल्या माणसातही तितकेच उठलेले राहते.

एका मुलीचे उदाहरण सांगतो. वय तेरा, गाव कोकणपट्टीतले. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी आई पाठीला उटणे लावीत असता तिच्या हाताला डावे पाते उजव्याहून वर आलेले लागले. त्यानंतर वर्षभर जे सव्यापसव्य झाले ते आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांना परिचित असेल: आजीच्या मते पोरगी पोक काढून बसते, शाळेच्या मते दप्तर जड आहे, आणि एका ठिकाणी नस अधू असल्याचे सांगून विजेचे शेकही देण्यात आले. समोरून काढलेल्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नव्हते, आणि त्यात नवल नाही. समोरून पाहता पाते आणि बरगड्या यांच्या छाया एकमेकींवर पडतात आणि त्या जाळीत गाठ लपून जाते. पाते कडेवरून दिसेल अशा तिरप्या कोनातून चित्र घेतल्याबरोबर बरगड्यांच्या बाजूला वळलेला हाडाचा एक जाड अंकुर स्पष्ट दिसला. पुढे सी.टी.ने देठाची रुंदी दाखवली आणि एम.आर.आय.ने कूर्चेच्या टोपीची जाडी. प्रौढ माणसात ही टोपी दोन सेंटिमीटरांहून जाड भरली तर कर्करोगाचा संशय घ्यावा, असा संकेत आहे; वाढत्या मुलांत तिला थोडी अधिक मुभा असते. या मुलीची टोपी त्या मर्यादेच्या पुष्कळच आत होती.

मग प्रश्न आला तो शस्त्रक्रियेच्या योग्यतेचा. गाठ सापडली म्हणून ती काढलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही, आणि आमच्या शास्त्राचाही नाही. दुखत नाही, आवाज नाही, हात पुरता वर जातो, नसांवर वा रक्तवाहिन्यांवर दाब नाही, आणि चित्रात संशयास्पद काही नाही, अशी गाठ वर्षातून एकदा तपासून सोडून द्यावी. मुलाची वाढ पुरी होईपर्यंत थांबल्याने एक फायदाही होतो, की पुन्हा उगवण्याची भीती कमी होते. वेदना, पाठीचे रूप बिघडणे, हालचालीला अटकाव, किंवा वाढ संपल्यावरही वाढत राहिलेली गाठ, ही शस्त्र हाती घेण्याची सबळ कारणे होत. मुलीचा हात खांद्याच्या वर जाताना अडकत होता, रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नव्हते, आणि वर्गात पोरे आवाजाची नक्कल करीत. या तिन्हींपैकी तिच्या दृष्टीने तिसरे कारण सर्वांत मोठे होते, आणि मी ते कागदावर तसेच लिहून ठेवले.

या पात्यावर शस्त्र चालवण्याचा इतिहास पाहिला, तर त्याची सुरुवात अत्यंत भीषण दिसते. १८०८ साली अँटिग्वा बेटावर रॅल्फ कमिंग या आरमारी शस्त्रवैद्याने बंदुकीच्या जखमेमुळे संपूर्ण हात पात्यासकट काढला. १८१९ साली लिस्टनने पात्याचा भाग कापून गाठ काढली. आणि १८५६ साली एडिंबरोत साइमने संपूर्ण खवाटा काढण्याचा प्रयोग केला. यांपैकी पहिल्या दोघांच्या काळी ईथर नव्हते, तिघांच्याही काळी जंतुनाशनाची कल्पना नव्हती. साइमच्या मुलीशी त्याच १८५६ साली विवाह केलेल्या त्याच्या जावयाने, म्हणजे जोसेफ लिस्टरने, जंतुनाशक शस्त्रक्रियेचा आपला लेख १८६७ साली प्रसिद्ध केला. योगायोगाने ब्वानेने खवाट्याचा आवाज नोंदवला ते हेच वर्ष. त्या पुरुषांच्या धैर्याबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते, की त्यांच्यापुढे प्रश्न होता तो रोगी टेबलावरून जिवंत उठेल की नाही हा. उठल्यावर त्याला कडीला हात पोहोचेल का, हा प्रश्न विचारण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

ती चैन आम्हांला परवडते, आणि म्हणून आमच्यावर तिची जबाबदारीही येते. पोटाकडच्या गाठीकडे जाण्याची जी वहिवाटीची वाट आहे तीत पात्याच्या आतल्या कडेवरून ऱ्हॉम्बॉइड स्नायू, आणि कधी वरच्या कोपऱ्यावरचा लिव्हेटर स्कॅप्युली, हाडापासून सोलून सुटा करावा लागतो. त्यानंतर दाराप्रमाणे पाते उघडून गाठ काढायची, आणि शेवटी कडेला बारीक भोके पाडून त्यांतून जाड दोरे ओवून तेच स्नायू पुन्हा हाडाला बांधायचे. गाठ दिसते उत्तम, याबद्दल वाद नाही. परंतु बांधलेला स्नायू हाडाला धरेपर्यंत हात कित्येक आठवडे झोळीत अडकवून ठेवावा लागतो, मग तितकाच काळ तो सोडवण्यात जातो, आणि एखादा दोरा सुटला किंवा स्नायू सैल बसला तर ज्या उठलेल्या पात्यासाठी शस्त्रक्रिया केली ते पाते शस्त्रक्रियेमुळेच पुन्हा उठलेले दिसते. सुपारीएवढ्या गाठीपायी एवढा खटाटोप म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणे आहे, अशी जी कुरकूर आमच्या व्यवसायात पूर्वीपासून चालत आली ती निराधार नव्हती.

स्नायू राखण्याच्या पद्धतीचे मर्म असे, की स्नायू हाडाला जेथे चिकटतो त्या जागेला हात लावायचा नाही; स्नायू आणि स्नायू यांच्यामधल्या नैसर्गिक सीमेवरून, अथवा सीमा सोयीची नसेल तर एकाच स्नायूच्या तंतूंना समांतर फट पाडून, आत उतरायचे. बुरूड वेळूच्या कांबटी काढतो तेव्हा तो धारेला आडवे जाऊ देत नाही. तंतू ज्या दिशेने गेले त्याच दिशेने कोयता लोटतो, आणि वेळू चिरला तरी त्याची ताकद तुटत नाही. स्नायूचेही तसेच आहे. तंतूंच्या लांबीने पाडलेली फट शस्त्रे बाहेर येताच आपोआप मिटते आणि तिला एखाददुसरा सैल टाका पुरतो. आडवा तोडलेला स्नायू शिवला तरी मध्ये वण राहतो आणि वण आकुंचन पावत नाही.

त्या मुलीच्या शस्त्रक्रियेचा क्रम थोडक्यात सांगतो, कारण तत्त्व एक असले तरी ते पाळणे हाताचे काम आहे. तिला पालथे निजवून डावा हात पाठीमागे, तळवा वर करून कमरेवर ठेवला. काही न कापता केवळ एवढ्यानेच पात्याची आतली कड बरगड्यांपासून उचलली जाते आणि मधली सांदी उघडते. निम्मी वाट रोग्याला नीट निजवण्यातच मिळते, हे मी नवशिक्यांना नेहमी सांगतो. मग आतल्या कडेला समांतर छेद. त्वचेखाली पहिला पडदा ट्रॅपेझिअसचा. त्याचे खालचे तंतू तिरपे वर जातात, त्यांची खालची कड मोकळी करून स्नायू वर ओढून धरला. त्याखाली ऱ्हॉम्बॉइड, मणक्यांकडून खाली आणि बाहेर उतरणारे. त्यांच्या थोरल्या आणि धाकट्या भागांमधली सीमा ही आपली खिंड. या खिंडीत एक धोका दबा धरून आहे. ऱ्हॉम्बॉइडना चालवणारी नस आणि तिची सोबतीण रोहिणी, दोघी पात्याच्या कडेपासून बोटभर अंतरावर, मणक्याच्या बाजूला, स्नायूंच्या खालून उतरतात. म्हणून फट कडेलगत ठेवायची, आणि दृश्य अपुरे वाटले म्हणून मणक्याकडे वाढवण्याचा मोह आवरायचा. स्नायू राखले आणि त्यांची नस तोडली, तर राखलेले स्नायू शोभेपुरते उरतील.

खिंडीतून आत गेल्यावर प्रथम भेटली ती घर्षणामुळे तयार झालेली पातळ पडद्याची पिशवी. ती उघडताच पिवळसर पाणी निघाले. मग बोटाने गाठ लागली: उंचसखल, टणक, निळसर पांढऱ्या कूर्चेने मढलेली. तिच्या पायथ्याशी सेरेटसचे तंतू चिकटून होते, ते त्यांच्याच दिशेने बाजूला सारले. बरगड्या आणि फुप्फुसाचे आवरण यांच्या रक्षणासाठी एक रुंद धातूची पट्टी मध्ये सरकवली, आणि देठाच्या मुळाशी छिन्नी लावली. येथे खिडकीसमोर धरलेले ते हाड आठवावे; छिन्नी पात्याला समांतर चालली पाहिजे, कारण कोन थोडा चुकला तर ती त्या कागदासारख्या पातळ भागातून पलीकडे निघेल. गाठ कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांसह एका तुकड्यात बाहेर आली. टोपीचा अंश मागे राहिला तर त्यातून गाठ पुन्हा उगवते. पुरती काढल्यावर असे होण्याचे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास सांगतात. मग सांदीत पाणी भरून भूलतज्ज्ञांकडून फुप्फुसे फुगवून घेतली. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे छातीच्या आवरणाला धक्का लागला नव्हता. सर्वांत शेवटी माझे बोट सांदीत ठेवून सहायकाला हात वर, खाली, पुढे, मागे फिरवायला सांगितले. पूर्वी जेथे कडाका उठत असे तेथे बोटाखालून बरगड्या निमूट सरकत होत्या.

पाठीकडच्या गाठींसाठी वाट वेगळी पण न्याय तोच. १९६४ साली ज्युदे याने पात्याच्या अस्थिभंगांसाठी जी वाट घालून दिली तीत इन्फ्रास्पायनेटस हा स्नायू त्याच्या खाचेतून संपूर्ण सोलून उचलला जाई. पुढे अस्थिभंगाच्याच क्षेत्रात ऑब्रेम्स्की आणि लायमन यांनी २००४ साली तीत फेरफार करून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर यांच्यामधल्या सरहद्दीवरून जाण्याची तजवीज केली. या दोन स्नायूंच्या नसा वेगवेगळ्या असल्यामुळे ती सरहद्द सुरक्षित आहे. डेल्टॉइड तोडण्याऐवजी रोग्याचा हात बाजूला उचलून धरला की तोही आपोआप वर सरकतो, हे ब्रॉड्स्की याने १९८७ सालीच सांगितले होते. गाठींच्या शस्त्रवैद्यांनी या वाटा अस्थिभंगांच्या शस्त्रवैद्यांकडून उसनवार घेतल्या, आणि ते ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता एक इशारा, आणि तो मी जाणूनबुजून ठासून देणार आहे. ही पद्धत निरुपद्रवी गाठींची आहे. एन्नेकिंग यांनी गाठींच्या प्रती आणि छेदाच्या मर्यादा यांचा जो मेळ घालून दिला, त्यानुसार निरुपद्रवी गाठ तिच्या अगदी लगतच्या पडद्यावरून काढली तरी चालते, आणि म्हणूनच स्नायूंना सवलत देता येते. कर्करोगात मात्र गाठीभोवती निरोगी ऊतींचे जाड कुंपण ठेवूनच छेद घ्यावा लागतो, आणि तेथे स्नायू राखण्याच्या नादात गाठीची पेशी जरी सांदीत सांडली तरी पुढचा सगळा बेत कोसळतो. म्हणून चित्रांत रेसभर संशय असला तर या वाटेने जाऊ नये. आधी सुईने नमुना घ्यावा, तोही पुढच्या मोठ्या छेदाच्या रेषेतून, आणि हे काम हाडांच्या कर्करोगाचा सराव असलेल्या केंद्रात व्हावे. परळच्या टाटा रुग्णालयासारखी संस्था १९४१ पासून ज्या प्रांतात आहे, तेथल्या वैद्याला याबाबत सबब सांगण्याची सोय नाही. स्नायू राखणे ही नवी फॅशन आहे म्हणून ती सरसकट चालवणारे मी पाहिले आहेत. रोगापेक्षा इलाज भयंकर ही म्हण उलटीही लागू पडते, आणि इलाज सौम्य राहून रोग भयंकर ठरल्याची उदाहरणेही आमच्या दफ्तरात आहेत.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. रोगी आणि त्याचे नातेवाईक विचारतात ते छेद किती इंचांचा असेल. त्वचेवरचा व्रण लहान असावा ही इच्छा, विशेषतः मुलीच्या आईबापांची, मी समजू शकतो. परंतु व्रणाची लांबी हा नुकसानीचा दाखला नव्हे. लहानशा छेदातून कसेबसे शिरून आत स्नायू ओरबाडणारी शस्त्रक्रिया, आणि हातभर छेद घेऊन एकही तंतू आडवा न तोडणारी शस्त्रक्रिया, या दोहोंत रोग्याचा हात दुसरीनंतर लवकर चालतो. त्वचा भरून येते. हात मागे नेऊन पाठीवर वेणी घालायची असेल, तर हिशेब त्वचेच्या खाली मांडला पाहिजे.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी पलंगावर बसून डाव्या हाताने जेवणाचे ताट धरीत होती. झोळी दिली ती वेदनेपुरती, आणि ती केव्हा काढायची हे तिच्यावर सोपवले. पहिल्या आठवड्यापासूनच हात हलकेच वर नेण्याचे व्यायाम सुरू झाले, आणि पुढे पाते स्थिर ठेवणाऱ्या स्नायूंचे. वर्षभर पाचरीवर चढून राहिलेल्या पात्याला सपाट बसण्याची सवय पुन्हा लावावी लागते, ही गोष्ट गाठ निघाल्याच्या आनंदात विसरली जाते. गाठीचा सूक्ष्मदर्शकी अहवाल निरुपद्रवी आला. आईला मी दोन गोष्टी सांगितल्या: तो अहवाल कापडी पिशवीत रेशनकार्डाशेजारी ठेवा, आणि धाकट्या भावाच्या गुडघ्यांवरून आणि मनगटांवरून एकदा हात फिरवून पाहा. भावाचे काही नव्हते, त्यामुळे तो कज्जा तेथेच मिटला.

अलीकडे दुर्बिणीतून हीच गाठ काढण्याचे वृत्तांत प्रसिद्ध होत आहेत. पात्याच्या आतल्या कडेपासून तीन सेंटिमीटर अंतर राखून आणि पात्याच्या कण्याच्या खालून दुर्बीण घातली म्हणजे ती नस आणि ती रोहिणी दोन्ही चुकवता येतात, आणि व्रण तर नावापुरतेच राहतात. ज्यांचा हात या कामावर बसला आहे त्यांना ते साधते, हे मी पाहिले आहे. माझा आक्षेप एवढाच, की दुर्बिणीतून गाठ बहुधा तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागते आणि मग टोपी अखंड होती की नाही, तिची खरी जाडी किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला सांगता येत नाही. उघडी वाट आणि दुर्बीण यांची नीट तुलना करण्याइतके रोगी कोणा एकाच्या हाती जमत नाहीत. या विषयावरील बहुतेक लिखाण थोड्या थोड्या रोग्यांच्या हकीकतींचे आहे, माझीही त्यांतच जमा. तूर्त, देठ अरुंद असून टोपी पातळ असेल आणि रोग्याची वाढ पुरी झाली असेल तर दुर्बीण, आणि देठ रुंद किंवा रोगी वाढत्या वयाचा असेल तर ऱ्हॉम्बॉइडच्या खिंडीतून उघडी वाट, असा शिरस्ता मी माझ्यापुरता ठेवला आहे. समोर बसलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकी दोघांचे मत याच्या नेमके उलट आहे, आणि सभाध्यक्षांनी परवानगी दिली तर ते त्यांनीच येथे येऊन मांडावे.